गोव्यात पांटली विणायला शिकायचंय? आधी कोयती हातात घ्या

एका सकाळी या, पांटली म्हणजे बांबूची टोपली विणा आणि घरी घेऊन जा, अशा कार्यशाळा आता गोव्यात अधूनमधून भरतात. सभागृहात सतरंजी अंथरलेली असते, बांबूच्या तासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांच्या जुड्या समोर ठेवलेल्या असतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत प्रत्येकाच्या हातात काहीतरी गोल तयार झालेलं असतं. मजा येते, नाही असं नाही. पण टोपली विणणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे उभ्या बांबूपासून वाकेल पण मोडणार नाही अशी पट्टी काढणं, आणि तो भाग कुणीतरी आदल्या दिवशीच करून ठेवलेला असतो. खरंच शिकायचं असेल तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

कार्यशाळा कशी निवडाल

राज्य सरकारच्या हस्तकला, वस्त्रोद्योग आणि काथ्या खात्याकडे बांबूकामाच्या प्रशिक्षणाची चौकशी करता येते. गावातल्या पंचायतीत आणि महिलांच्या स्वयंसहाय्य गटांत विचारावं. मला मात्र सगळ्यात भरवशाचा वाटतो तो बाजार. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुपं, पांटल्या, रोवळ्या घेऊन बसणाऱ्या बायका असतात. चतुर्थीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, सामानाबरोबर बाणस्तारीच्या बाजारातही हा माल दिसतो. त्यांच्याकडून एखादी वस्तू विकत घ्या आणि मग विचारा, "मावशी, शिकवाल का? आम्ही सात-आठ जण जमवतो." जागा तुमची, बांबू आणि शिकवणं त्यांचं. अशी आपल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जमवलेली कार्यशाळा छापील पत्रकातल्या कार्यशाळेपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरते.

नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. शिकवणारी व्यक्ती स्वतः पोटासाठी हे काम करते का? कोयती शिकणाऱ्याच्या हातात देतात का? एका शिकवणाऱ्यामागे किती जण असतात? दहाच्या वर असतील तर तुमच्या हाताची पकड कोण बघणार?

आणि पैशांचं आधीच ठरवा. शिकवणाऱ्याला सुताराइतकी किंवा गवंड्याइतकी रोजंदारी द्यायला काय हरकत आहे? गोव्यात बांबूचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः महार समाजाने केलं. लग्नाचं सूप, वायनाचं म्हणजे वाण द्यायचं सूप, भात वाहायचे हारे, वाळवणाच्या दाली म्हणजे चटया, सगळं त्यांच्या हातचं. माल सगळ्यांना हवा होता, पण करणाऱ्याला अंगणातूनच परत पाठवायची रीत होती. आज तीच कला आपण शहरात फी भरून शिकतो, तेव्हा फीचा मोठा वाटा कुणाच्या हातात जातो हे विचारायला संकोच नको.

हंगाम आणि बांबू

शिकायला दिवाळीनंतरचे महिने चांगले. पावसात बांबूला नवे कोंब येत असतात, तेव्हा बेटाला हात लावत नाहीत. शिवाय त्या दिवसांत कापलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो. बांबूतलं पिष्ट हे भुंग्याचं खाद्य असतं, ते हिवाळ्याच्या सुमारास कमी झालेलं असतं. जुनी माणसं काळोख्या पाखात, म्हणजे कृष्ण पक्षात, बांबू तोडायला सांगतात. ते पाळायचं की नाही ते तुम्ही ठरवा, हंगाम मात्र पाळाच.

विणकामाला साधारण एक ते दोन वर्षांचा बांबू लागतो. यंदाचा कोवळा बांबू सुकला की आकसतो आणि विणलेलं सैल पडतं. जुना, पिवळट पडलेला बांबू वासा म्हणून उत्तम, पण त्याची पट्टी वाकवताना तडकते. सिंधुदुर्गात ज्याला माणगा म्हणतात तो सरळ, बिनकाट्याचा बांबू नवख्याला हाताळायला बरा. काटेरी कळक पहिल्याच दिवशी नको.

बांबू कुठून आणला हेही विचारा. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे जंगलाबाहेर, आपल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) किंवा परसात वाढलेला बांबू तोडणं सोपं झालं. राखीव जंगलाला आणि म्हादईसारख्या अभयारण्याला ही सूट लागू नाही. सत्तरी तालुक्यात रस्त्याकडेला बेट दिसलं म्हणून कोयती काढू नका.

आधी चुडतावर हात बसवा

बांबूआधी एक सकाळ चुडतावर, म्हणजे माडाच्या झावळीवर घालवा. ती फुकट मिळते, कापत नाही आणि विणीचं तत्त्व हाताला कळतं. हिरव्या चुडताचा मधला दांडा उभा चिरून पात्या असलेली पातळ पट्टी सोडवून घ्या. सम संख्येच्या, सोळा-अठरा पात्या येतील एवढा तुकडा कापा. त्याचं कडं करून टोकं सुतळीने बांधा, पात्या खाली लोंबू द्या. आता एकाआड एक पाती उजवीकडे, उरलेल्या डावीकडे, अशा तिरक्या एकीवरून एकीखालून घालत जा. वीतभर खोली झाली की तळाशी उरलेली टोकं वेणीसारखी गुंफून बूड बंद करा. झाडावरची फुलं आणायला, भाजी ठेवायला आठवडाभर पुरते. पाती वाळली की आकसते, म्हणून ही टोपली टिकायची अपेक्षा ठेवू नका.

केगदीच्या म्हणजे केवड्याच्या पानांची वीण सुंदर होते, पण पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेवर काटे असतात. ते काढून पानं उकडून, वाळवून घ्यावी लागतात. तो वेगळाच विषय आहे.

पट्टी काढणं

इथे घाई करू नका. पूर्ण दिवस यातच गेला तरी चालेल.

सामान थोडं लागतं: धारदार कोयती, एक छोटी सुरी, धार लावायचा दगड, मांडीवर घ्यायला जाड गोणपाट, पाण्याची बादली, सुतळी आणि कपड्यांचे दहाबारा चिमटे. बोथट कोयती धारदार कोयतीपेक्षा हाताला जास्त कापते, कारण ती जोर करून चालवावी लागते आणि मग घसरते. नवख्याने डाव्या हातात जाड मोजा घालावा. शिकवणारी मावशी घालणार नाही, तिच्याकडे बघून तुम्ही काढू नका.

बांबू शेंड्याकडून चिरायला घ्या. कोयती मधोमध ठेवून मागून लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोका. चीर पडली की कोयती फिरवत ती पुढे न्या. नेहमी अर्ध्याचे अर्धे करत जा: दोन, चार, आठ. कडेने एकेक पट्टी सोलायला गेलात तर ती वाटेतच निमुळती होऊन तुटणार.

चीर सरळ गेली नाही तर काय करायचं, हेच या कामातलं खरं शिक्षण. जी बाजू जास्त वाकते तिच्याकडे चीर सरकते. म्हणजे एक अर्धी पातळ होऊ लागली की पातळ बाजू सरळ धरायची आणि जाड बाजू वाकवायची. चीर हळूहळू परत मध्यावर येते. हे वाचून कळतं, हाताला कळायला दहा-वीस पट्ट्या वाया जाव्या लागतात. जाणकार कारागीर पट्टीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरतात, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. खुर्चीवर बसून हे जमत नाही. मांडी घालता येत नसेल तर बुटका पाट घ्या.

पुढचं काम थर वेगळे करण्याचं. बाहेरचा हिरवा, चकचकीत थर सगळ्यात चिवट. काठाला आणि उभ्या पट्ट्यांना तोच वापरायचा. त्याच्या आतला दुसरा थर आडव्या विणीला चालतो. सगळ्यात आतला पांढरट, भुसभुशीत भाग चुलीत. पेरांवरचा उंचवटा सुरीने तासून सपाट करा, नाहीतर पट्टी बरोबर तिथेच मोडते. तयार पट्टी साधारण १ मिलिमीटर जाड असावी. चहाच्या ग्लासाभोवती गुंडाळून बघा. करकरली तर अजून तासा. आणि सुरी चालवताना अंगठा धारेच्या पुढे कधीही नको. बांबूचं कुसळ गेलं तर लगेच सुईने काढून साबणाने धुवा. जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

बूड, उभार आणि काठ

पहिल्या पांटलीसाठी हे माप घ्या: १२ मिलिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब अशा १८ पट्ट्या. ६ मिलिमीटर रुंदीच्या, मीटरभर किंवा त्याहून लांब, सोळा-अठरा आडव्या पट्ट्या. काठासाठी ७०-७५ सेंटिमीटरच्या दोन जाडसर पट्ट्या. सुकल्या असतील तर रात्रभर पाण्यात ठेवा, ताज्या असतील तर विणताना ओला फडका फिरवला तरी पुरे.

नऊ पट्ट्या हिरवी बाजू खाली करून शेजारी शेजारी मांडा, मध्ये चारेक मिलिमीटरची फट ठेवा. उरलेल्या नऊ त्यांतून एक वर, एक खाली अशा घाला, दर ओळीला उलट क्रमाने. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो. तो खरंच चौकोन आहे का हे दोन्ही कर्ण मोजून बघा. तिरका राहिला तर पुढे काहीही केलं तरी पांटली डुलणार. चौकोन जमला की कडेने दोन बारीक पट्ट्या एकमेकींना पीळ देत फिरवा, म्हणजे बूड हलत नाही.

आता बुडाबाहेर ३६ टोकं आली. ही सम संख्या अडचणीची आहे. एकच आडवी पट्टी गोल गोल फिरवत नेली तर दुसऱ्या फेरीतही ती त्याच उभ्या पट्ट्यांवरून आणि त्याच पट्ट्यांखालून जाईल, आणि वीण पडणारच नाही. म्हणून कोपऱ्यातलं एक टोक बुडापर्यंत उभं चिरून त्याची दोन करा. टोकं झाली ३७, आणि दर फेरीला क्रम आपोआप उलटतो. कोपऱ्यात फट मोठी असते, त्यामुळे चिरलेल्या दोन अर्ध्या तिथे खपून जातात.

टोकं ओली करून बुडाच्या कडेवर वर वाकवा आणि वर सुतळीने एकत्र सैलसर बांधून ठेवा, दोन-तीन फेऱ्या झाल्या की सोडा. पहिल्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात, प्रत्येक पट्टी चिमट्याने धरावी लागते. दर फेरीनंतर वीण बोटांनी खाली दाबत चला. पट्टी संपली की नवी पट्टी जुनीवर चार उभ्यांपर्यंत चढवून पुढे जा, टोक एखाद्या उभीच्या मागे लपवा.

आकार हाताच्या ताणावर ठरतो. पट्टी घट्ट ओढत गेलात तर तोंड आवळतं, सैल सोडलीत तर पसरतं. रागारागाने विणणाऱ्याची पांटली तांब्यासारखी होते, हे मी बऱ्याच कार्यशाळांत पाहिलं आहे. पांटलीला तोंड किंचित पसरट हवं, म्हणून उभ्यांना बोटांनी जरा बाहेर झुकवत ठेवा. वीसेक फेऱ्यांत १२ सेंटिमीटर उंची येते.

शेवटच्या फेरीनंतर ज्या उभ्या पट्ट्या विणीच्या बाहेर आहेत त्या भिजवून आत वाकवा आणि आतल्या बाजूने दोन-तीन फेऱ्यांखाली खोचा. उरलेल्या काठाशी कापून टाका. मग एक जाड पट्टी आतून, एक बाहेरून लावा. जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे ती तासून निमुळती करा, म्हणजे गाठ उठत नाही. वेताने किंवा बांबूच्याच चिवट सालीने तिरके वेढे देत काठ बांधा. बाजारात आता प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला काठ सर्रास दिसतो. विकणाऱ्याला वेळ वाचवावा लागतो, त्याला दोष देऊ नये. शिकताना मात्र सालीनेच बांधा.

घरी आणल्यावर

दोन दिवस सावलीत, मग एक दिवस उन्हात. ओलसर पांटली कपाटात ठेवली तर गोव्याच्या हवेत तिच्यावर बुरशी धरणारच. धरली तर घासून, धुऊन कडक उन्हात टाका. पूर्वी टोपल्या चुलीवरच्या धुरात लटकत, त्यामुळे त्यांना कीड कमी लागे. पावसाळ्यात ती हवेशीर जागी खुंटीला टांगा. खाली पिवळसर पूड सांडलेली दिसली तर भुंगा शिरला समजा आणि ती इतर टोपल्यांपासून बाजूला करा.

दुसरी पांटली याच मापाची करा, पण पट्ट्या कुणाचीही मदत न घेता स्वतः काढा. त्यानंतर रोवळी घ्या. फटी एकसारख्या ठेवायचा सराव तिथे होतो, आणि तांदूळ धुताना दाणे कुठून गळतात तेही लगेच दिसतं. सुपाच्या वाटेला मात्र लवकर जाऊ नका. त्याची वीण दाट, पट्टी कागदासारखी पातळ आणि मागची बाजू उचलून वळवण्याची रीत हातात हात धरूनच शिकावी लागते. तोवर चतुर्थीला लागणारी सुपं बाजारातल्या मावशीकडूनच घ्या, आणि ती सांगेल त्या किमतीला.