वुल्फडॉगच्या सँक्च्युरीत काम करायचंय?

अमेरिकेत वन्यजीवशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकायला आलेली मराठी मुलं मला हमखास विचारतात, लांडग्यांबरोबर काम करायला मिळेल का? मिळतं, वुल्फडॉगच्या सँक्च्युरीत. वुल्फडॉग म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. इथे सँक्च्युरी म्हणजे अभयारण्य नव्हे, मालकांना न सांभाळता आलेल्या अशा प्राण्यांचा आसरा. पण जखमी लांडगा बरा करून जंगलात सोडायचा, ही कल्पना आधी डोक्यातून काढा. न्यू मेक्सिकोत मी काम केलं, तिथला एकही प्राणी जंगलातून आलेला नव्हता. सगळे माणसांच्या घरात नाहीतर पिंजऱ्यात जन्मलेले, बरेचसे जाहिरात बघून विकत घेतलेले. त्यांना शिकार येत नाही, माणसाची पुरेशी भीती नाही. जंगलात सोडणं म्हणजे मरायला सोडणं.

पिल्लू दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत मालक खूश असतो. बहुतेक कुत्री वर्षाच्या आत वयात येतात, लांडग्याला साधारण दोन वर्षं लागतात. मग हिवाळ्यात मिलनाचा हंगाम आला की तोच लाडका प्राणी घरच्यांवर गुरगुरतो, कुंपणावरून उडी मारतो. तेव्हा सँक्च्युरीचा फोन वाजतो. जागा नाही, हे रडणाऱ्या माणसाला सांगणं मला सगळ्यात जड गेलं. त्यात अमेरिकेत वुल्फडॉगसाठी मान्यता मिळालेली रेबीजची लस नाही. कुत्र्याची लस टोचलेली असली तरी तो कुणाला चावला, तर मेंदूच्या तपासणीसाठी त्याला मारलं जाऊ शकतं. म्हणून मालक चावल्याचं लपवतात. ते न रागावता, खोदून विचारायला शिका.

फोनवर आधी फोटो मागायचे. अरुंद छाती, लांब पाय, मोठे पंजे, आखूड केसाळ कान, सरळ शेपूट. मोठ्या झालेल्या प्राण्याचे डोळे निळे दिसले तर कुत्र्याचं रक्त आहे हे नक्की. ‘नव्वद टक्के लांडगा’ म्हणून विकलेला प्राणी कित्येकदा हस्की आणि जर्मन शेफर्डचा संकर निघतो, आणि ही आनंदाची बातमी असते, कारण त्याला घर मिळू शकतं. कॅनडात अल्बर्टातली यामनुस्का वुल्फडॉग सँक्च्युरी 2011 पासून हे काम करते. लांडग्याचा अंश कमी असेल तर जाणत्या कुटुंबाकडे दत्तक, जास्त असेल तर शेवटपर्यंत सँक्च्युरीतच.

सँक्च्युरीत प्राण्याला एकट्याला ठेवत नाहीत, सोबतीला जोडीदार देतात. आयुष्य साखळीला बांधून काढलेली एक मादी आमच्याकडे आली. माणूस समोर असेतो ती मांसाला तोंड लावत नसे. शेजारच्या आवारात नसबंदी केलेला एक म्हातारा नर होता. तो रोज जाळीला पाठ लावून पडायचा. आम्ही नुसतं बघत होतो, शेपूट कुठे आहे, मानेवरचे केस उभे राहतात का, कोण कुठे मुततं. एके दिवशी तिने मांसाचा तुकडा ओढत जाळीपाशी नेला आणि त्याच्याजवळ बसून खाल्ला. तरीही मधलं दार लगेच उघडलं नाही. उघडलं तेव्हा पाण्याचा पाइप हातात धरून दोघं जण उभे होते. हा धीर ज्याला जमतो, त्याने या कामात जरूर यावं.

बाकी दिवस मांस कापणं, विष्ठा उचलणं आणि कुंपण तपासणं यात जातो. जाळी आठ फूट उंच असते, आणि प्राण्याने खालून उकरू नये म्हणून जमिनीखालीही आडवी पुरलेली असते. पहिल्या दाराला कुलूप लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

जागा निवडताना बघा, तिथे पिल्लं जन्माला घालतात का, पाहुण्यांच्या मांडीवर देतात का. देत असतील तर तिकडे फिरकू नका. ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युरीजची मान्यता आहे का तेही पाहा. राहायची सोय किंवा भत्ता मिळणार असेल तर व्हिसाचा प्रश्न येतो, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा.

पुढे महाराष्ट्रात परतायचं असेल, तर तिथलं काम वेगळं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लांडगा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, घरी पाळणं गुन्हा. पुणे परिसरातल्या लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो संकर माळरानावर, मोकाट कुत्र्यांमुळे झालेला. त्यासाठी सँक्च्युरीपेक्षा माळावरचं फील्डवर्क आणि धनगरांशी बोलता येणं जास्त उपयोगी पडेल.