प्रोसेस मॉडेलिंगमध्ये नवीन आलात? आधी ऑब्जेक्ट म्हणजे काय ते समजून घ्या

मी मुंबईतल्या बँका आणि इन्शुरन्सवाल्यांच्या बॅक ऑफिससाठी प्रोसेस मॉडेलिंगचं काम करते, म्हणजे कुठलं काम कोणत्या स्टेप्सनी, कोण आणि कशावर करतं ते टूलमध्ये मांडते. आमच्याकडे बीकॉम, बीएमएस, बीएस्सी आयटी, एमबीए ऑपरेशन्स असं करून नवीन मुलंमुली येत असतात, एक्सेल आणि पीपीटी म्हणजे त्यांच्या हातचा मळ, आणि जवळजवळ सगळ्यांची समजूत एकच असते की हे काम म्हणजे फ्लोचार्ट काढणं. ही समजूत जितक्या लवकर जाईल तितकं बरं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

फ्लोचार्ट पीपीटीत पण निघतो हो. कंपनी एरिस, सिग्नॅव्हियो, एंटरप्राइज आर्किटेक्ट, पॉवरडिझायनर असली सॉफ्टवेअर घेते ती चित्रासाठी नाही, चित्राच्या मागे जो ऑब्जेक्ट असतो त्याच्यासाठी. बँकेचंच उदाहरण घ्या. "केवायसी कागदपत्रं तपासणे" ही स्टेप सेव्हिंग अकाउंट उघडताना येते, करंट अकाउंटला येते, लोनला येते, लॉकरला येते. पीपीटीत हे चार वेगळे चौकोन, एकमेकांशी काही संबंध नाही. मॉडेलिंग टूलमध्ये तो एकच ऑब्जेक्ट असतो, रिपॉझिटरीत म्हणजे टूलच्या सामायिक साठ्यात एकदाच बनवलेला, आणि चार डायग्राममध्ये त्याची फक्त हजेरी लागते. एरिसमध्ये मूळ वस्तूला डेफिनिशन म्हणतात आणि डायग्राममधल्या हजेरीला ऑकरन्स. त्या एका ऑब्जेक्टला नाव, मालक, कुठल्या सिस्टीमवर चालतं, कोणता रोल करतो, कोणती रिस्क, कोणता कंट्रोल, असं सगळं जोडलेलं असतं. नाव एका ठिकाणी बदललं की चारही डायग्राममध्ये बदलतं.

याचा उपयोग कधी कळतो, तर नियम बदलला की. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात हाय रिस्क ग्राहकाची माहिती २ वर्षांनी, मीडियमची ८ वर्षांनी आणि लो रिस्कची १० वर्षांनी अपडेट करायची असते. उद्या यातला एक आकडा जरी बदलला तरी पहिला प्रश्न हाच येणार की आपल्या कुठल्या कुठल्या प्रोसेसला याचा धक्का लागतो. दुसरं उदाहरण चेकचं, ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग बॅचमध्ये न होता सकाळी १० ते दुपारी ४ सलग प्रेझेंटेशन सुरू झालं, म्हणजे स्कॅनिंग, इमेज पाठवणं, समोरच्या बँकेचं कन्फर्मेशन, ग्राहकाला क्रेडिट, रिटर्न या सगळ्याच्या वेळा बदलल्या. अशा वेळी ज्यांची लायब्ररी, म्हणजे रिपॉझिटरीतला ऑब्जेक्टचा संग्रह, स्वच्छ आहे ते ऑब्जेक्टवर क्लिक करून कुठे कुठे वापरलाय त्याची यादी काढतात आणि कामाला लागतात, आणि ज्यांच्याकडे "केवायसी चेक", "चेक केवायसी", "केवायसी व्हेरिफिकेशन" आणि "व्हेरिफाय केवायसी डॉक्स" असे चार ऑब्जेक्ट फिरतायत त्यांची यादी अर्धवट येते आणि ती अर्धवट आहे हे कुणाला कळतही नाही. मला या कामात सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते तर याचीच, कारण चुकीची यादी दिसायला अगदी बरोबर यादीसारखीच दिसते.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या की नवीन ऑब्जेक्ट बनवायच्या आधी शोधायचं. एका नावाने नाही, तीन चार नावांनी शोधायचं, ग्रुप उघडून बघायचं, शेजारच्याला विचारायचं. पॅलेटमधून, म्हणजे आकारांच्या पट्टीतून, नवीन आकार ओढून आणणं सोपं असतं म्हणून सगळे तेच करतात, पण रिपॉझिटरीतून जुना ओढून आणणं हे खरं काम.

कॉपी पेस्ट पण सांभाळून करा. एरिसमध्ये तीन प्रकारचं कॉपी आहे. ऑकरन्स कॉपी म्हणजे तोच ऑब्जेक्ट, फक्त नवीन हजेरी. डेफिनिशन कॉपी म्हणजे सगळी माहिती तशीच पण आता तो स्वतंत्र ऑब्जेक्ट, मूळ बदललं तरी याला काही कळणार नाही. आणि व्हेरिएंट कॉपी, म्हणजे वेगळा ऑब्जेक्ट पण मूळ कोण ते लक्षात ठेवणारा. ब्रांचमध्ये अकाउंट उघडणं आणि ॲपवरून अकाउंट उघडणं या दोन गोष्टी बऱ्याच सारख्या पण पूर्ण सारख्या नाहीत, तिथे व्हेरिएंट छान बसतो. एंटरप्राइज आर्किटेक्टमध्ये पेस्ट करताना लिंक म्हणून की नवीन म्हणून ते ठरवता येतं, तिथे घाई करू नका.

डिलीटचं तर त्याहून महत्त्वाचं. एंटरप्राइज आर्किटेक्टमध्ये नुसतं डिलीट दाबलं की ऑब्जेक्ट त्या डायग्राममधून जातो, मॉडेलमध्ये राहतो. कंट्रोल आणि डिलीट एकत्र दाबलं की मॉडेलमधूनच जातो, म्हणजे इतर सगळ्या डायग्राममधूनही गेला. उलट बाजूने बघा तर डायग्राममधून काढलेले पण रिपॉझिटरीत तसेच पडून राहिलेले अनाथ ऑब्जेक्ट साठत जातात आणि शोधताना तेच आधी सापडतात. एरिसमध्ये रिऑर्गनाइज नावाची सोय याचसाठी आहे, कुठेच हजेरी नसलेले ऑब्जेक्ट ती साफ करते. ती स्वतः चालवू नका, ॲडमिनला सांगा, कारण कुणीतरी मुद्दाम आधी लायब्ररी भरून ठेवलेली असते आणि अजून डायग्राम काढायचे बाकी असतात.

नाव देताना नियम साधा आहे. काम असेल तर क्रियापद आणि वस्तू, "अर्ज तपासा". घटना असेल तर झालेली गोष्ट, "अर्ज तपासला". एरिसमधली ईपीसी (इव्हेंट ड्रिव्हन प्रोसेस चेन) पद्धत, जी जर्मनीत सारब्रुकेनला प्रोफेसर शीर यांच्या टीमने १९९२ च्या सुमाराला मांडली, ती पूर्ण याच्यावर उभी आहे, घटना मग काम मग घटना. घटनेनंतर लगेच ऑर (एक किंवा जास्त वाटा) किंवा एक्सऑरची (नेमकी एकच वाट) फाटाफूट टाकता येत नाही, कारण घटना निर्णय घेत नाही, निर्णय कामात होतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका होतच नाहीत. बीपीएमएन या प्रोसेस डायग्रामच्या चिन्हभाषेत पण तसंच, गेटवे म्हणजे वाटा फुटतात तिथला शंकरपाळ्यासारखा आकार स्वतः काही ठरवत नाही, आधीच्या टास्कमध्ये ठरलेलं असतं त्याप्रमाणे फक्त वाट दाखवतो. बीपीएमएन २.० हे ओएमजी या स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड, २०११ चं, पाचशेहून जास्त पानांचं, फुकट डाउनलोड होतं, पण ते सगळं वाचत बसू नका. टास्क, तीन गेटवे, स्टार्ट, मधले आणि एंड इव्हेंट, पूल (एका संस्थेची चौकट), लेन (त्यातला एका रोलचा पट्टा), आणि सीक्वेन्स फ्लो (कामांचा क्रम दाखवणारा बाण) पूलच्या बाहेर जात नाही तिथे मेसेज फ्लो लागतो एवढं पक्कं केलं तर बऱ्यापैकी काम निघतं.

लेनमध्ये माणसाचं नाव कधीच टाकू नका. ऑपरेशन्सवाले बोलताना "अमुक सर अप्रूव्ह करतात" असंच सांगतात, पण तो सर उद्या दुसऱ्या ब्रांचला जाणार. रोल टाका. आणि बँकेत मेकर आणि चेकर हे दोन वेगळे रोल असलेच पाहिजेत, ज्याने एंट्री केली त्यानेच ती पास करायची नाही. मॉडेलमध्ये दोन्ही एकाच लेनमध्ये दिसले तर ऑडिटवाला पहिला तिथेच बोट ठेवणार.

आता ज्या भागाबद्दल कुणी शिकवत नाही तो म्हणजे माहिती काढणं. टूल शिकता येतं, पण ऑब्जेक्टमध्ये भरायचं काय ते ऑपरेशन्सच्या माणसाच्या डोक्यात असतं. महिनाअखेरीला, कटऑफच्या आधी किंवा संध्याकाळी त्यांची लोकल पकडायच्या वेळी मीटिंग लावू नका, ते येतील पण मन नसेल. कॉन्फरन्स रूमपेक्षा त्यांच्या सीटजवळ खुर्ची ओढून बसा. मराठीत विचारा, हिंदीत विचारा, ज्यात ते मोकळे होतील त्यात, इंग्लिश फक्त मॉडेलमध्ये. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते ते आधी सांगतात. मग थोड्या वेळाने एखादी सीनियर ताई म्हणते, "अगं पण खरं सांगू का, हे सिस्टीममध्ये होत नाही, आम्ही एक एक्सेल ठेवलीय, त्यात टिक करतो मग पुढे पाठवतो." ती एक्सेल म्हणजे तुमचा खरा ऑब्जेक्ट. तिला डेटा ऑब्जेक्ट म्हणून मॉडेलमध्ये आणा, मालक लिहा, आणि त्या ताईला कुणी नावं ठेवणार नाही अशा पद्धतीने लिहा, कारण तिने विश्वासाने सांगितलेलं असतं आणि त्या एक्सेलवरच ते काम आजवर चालू राहिलेलं असतं.

लेव्हलचा गोंधळ पण सुरुवातीला होतो. एपीक्यूसी या संस्थेचं प्रोसेसचं जे क्लासिफिकेशन फ्रेमवर्क आहे त्यात वरच्या लेव्हलला १३ कॅटेगरी आहेत, मग प्रोसेस ग्रुप, प्रोसेस, ॲक्टिव्हिटी, टास्क असं खाली उतरतं. एका डायग्राममध्ये एकच लेव्हल ठेवा. "लोन देणे" आणि "ग्राहकाला फोन करणे" हे एकाच पानावर शेजारी आले की समजा काहीतरी बिघडलंय. खालचं सगळं वेगळ्या डायग्राममध्ये काढून वरच्या ऑब्जेक्टला जोडायचं. व्हर्जन आणि अप्रूव्हलचं प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, ते तिथे गेल्यावर शिका.

घरी सराव करायचा तर आर्ची घ्या, फुकट आहे, कंपनीची रचना मांडायच्या आर्किमेट भाषेसाठी बनवलंय. कॅमुंडा मॉडेलर पण फुकट आणि बीपीएमएनला उत्तम, पण त्यात डायग्रामची एकेक सुटी फाइल असते, एकच ऑब्जेक्ट अनेक डायग्राममध्ये वापरायची सवय तिथे लागत नाही. आर्चीत डावीकडे मॉडेल ट्री असतं, त्यातून तोच बिझनेस प्रोसेस किंवा बिझनेस रोल कितीही व्ह्यूमध्ये (आर्चीत डायग्रामला व्ह्यू म्हणतात) ओढता येतो, प्रॉपर्टीजच्या ॲनालिसिस टॅबमध्ये तो कुठे वापरलाय ते दिसतं, आणि व्हॅलिडेटर कुठेच न वापरलेले आणि डुप्लिकेट वाटणारे दाखवतो.

सरावाला विषय स्वतःच्या सोसायटीचा घ्या. फ्लॅट ट्रान्सफर, पार्किंग वाटप आणि रिपेअरचं काम अशा तीन प्रोसेस काढा. मॅनेजिंग कमिटीची मीटिंग तिन्हीत येते, ती एकच ऑब्जेक्ट ठेवा. सेक्रेटरी हा रोल एकच ठेवा. शेअर सर्टिफिकेट हा बिझनेस ऑब्जेक्ट. ट्रान्सफर प्रीमियमची २५,००० रुपयांची मर्यादा चित्रात न लिहिता त्या स्टेपच्या प्रॉपर्टीमध्ये लिहा. मग सेक्रेटरीकाकांना दाखवा, ते दोन मिनिटांत काय चुकलंय ते सांगतील. ते दुरुस्त केलेलं मॉडेल इंटरव्ह्यूला घेऊन जा, आणि समोरच्याने विचारलं की कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाऐवजी दोनदा झाली तर काय काय बदलेल, तर तो एक ऑब्जेक्ट उघडून दाखवा.