नागपूरची जुनी गाडी: आरसीवरचा बँकेचा बोजा असा उतरवला
मी सांगलीत, गाडी नागपुरात. जाहिरातीत 'लोन क्लिअर' लिहिलेलं, पण एमपरिवहन ॲपवर बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच. तो असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. मालक म्हणायचे, 'आधी टोकन पाठवा.' एजंट नुसतं 'होऊन जाईल' म्हणायचा. दोन महिने जीव टांगणीला लागला होता.

शेवटी स्वतः नागपूरला गेलो. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली. एक आकडा ३ की ८ कळेना, म्हणून जागा फडक्याने पुसून पुन्हा छाप घेतली आणि आरसीशी ताडली. ई-चलनं पाहिली. मग मालकांना घेऊन बँकेत गेलो, फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती बाकी ते सांगणारं पत्र) काढलं. ४२,००० रुपये बाकी निघाले. ते मालकांच्या हातात न देता थेट त्यांच्या लोन खात्यात भरले आणि ही रक्कम किमतीतून वजा असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. हेच सगळ्यात महत्त्वाचं.

त्यानंतर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज), दोन प्रती. आरटीओत अर्ज. ॲपवरून बँकेचं नाव गेल्यावरच गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३० वर मालकांच्या सह्या घेतल्या, आणि उरलेले पैसे दिले.