क्रूझने शांघायला जाताना या चुका टाळा

जहाज शांघायला लागले म्हणजे आपण शांघायच्या मध्यभागी उतरलो, हा समज बहुतेक चुकांच्या मुळाशी असतो. मोठी क्रूझ जहाजे प्रत्यक्षात वूसोंगकोउ टर्मिनलला लागतात. २०११ साली सुरू झालेले हे टर्मिनल शहराच्या उत्तरेला बाओशान भागात, ह्वांगपू नदी यांगत्सेला मिळते तिथे आहे. नदीकाठच्या जुन्या भव्य इमारतींचा जो बंड पाहायला आपण आलेलो असतो, तो तिथून वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहे. (इथे बंड म्हणजे नदीकाठचा बांध. हा शब्द मुळात आपल्याकडूनच तिकडे गेला, पुण्याच्या बंड गार्डनमधला बंड तोच. चिनी लोक मात्र या जागेला वायतान म्हणतात आणि टॅक्सीचालकाला तेच नाव सांगावे.) बंडच्या जवळ, होंगकोउ भागात, दुसरे एक क्रूझ टर्मिनल आहे, पण तिथे पोचण्यासाठी यांगपू पुलाखालून जावे लागते आणि पुलाखाली सुमारे ४८ मीटरच उंची मिळत असल्याने उंच जहाजे तिकडे जाऊ शकत नाहीत.

या दुसऱ्या टर्मिनलमुळे आमचे जहाज चुकता चुकता राहिले. यू उद्यान पाहून झाल्यावर मी टॅक्सीचालकाला भाषांतराच्या अ‍ॅपवर ‘क्रूझ टर्मिनल’ एवढेच दाखवले आणि त्याने प्रामाणिकपणे जवळच्या, म्हणजे होंगकोउच्या टर्मिनलला आणून सोडले. समोर नदी होती, इमारत होती, फक्त आमचे जहाज नव्हते. तिथून संध्याकाळच्या गर्दीत वूसोंगकोउला पोचेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला, बरोबरच्या आईवडिलांच्या तोंडचे पाणी पळाले आणि आम्ही चढलो तेव्हा शिडी काढायला वीस मिनिटे उरली होती. तेव्हापासून जहाजातून उतरताच मी टर्मिनलच्या चिनी अक्षरांतील पाटीचा फोटो काढतो, तेच नाव कागदावर लिहून घेऊन प्रत्येकाच्या खिशात ठेवतो आणि जहाजावर परतण्याच्या वेळेच्या तीन तास आधी शहर सोडतो. ‘एवढी घाई कशाला, अजून एक दुकान होईल’ म्हणणाऱ्यांबरोबर मी आता बंदरावर उतरतच नाही.

दुसरी चूक घरीच, व्हिसाच्या अर्जावर होते. शांघायहून निघून जपानला जाणारे आणि पुन्हा शांघायलाच परतणारे जहाज असेल, तर चीनमध्ये आपला प्रवेश दोनदा होतो; एका प्रवेशाचा व्हिसा पहिल्याच वेळी संपतो. वाटेत हाँगकाँगला गेल्यानेही मुख्य चीनमधून बाहेर पडल्याचीच नोंद होते, आणि भारतीयांना हाँगकाँगसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी वेगळी करावी लागते. तिसऱ्या देशाकडे जाताना चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय थांबण्याची (ट्रान्झिटची) जी सवलत आहे, तिच्या यादीत भारत नाही, तरीही परदेशी प्रवाशांचे व्हिडिओ पाहून लोक निर्धास्त राहतात. मे २०२४पासून क्रूझने येणाऱ्या पर्यटकगटांना पंधरा दिवसांची व्हिसामाफी आहे, परंतु ती चिनी प्रवासी संस्थेने आयोजित केलेल्या गटासाठी असून त्याच जहाजाने परत निघावे लागते. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर भिस्त ठेवू नये. अर्ज भरण्याआधी प्रवासाचा क्रम कागदावर मांडून चीनमधील प्रवेश स्वतः मोजावेत.

पैशांचे काम बंदरावर करू पाहणाऱ्यांचे मला खरोखर वाईट वाटते. अलिपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचे चिनी अ‍ॅप घरूनच सुरू करावे, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचे कार्ड जोडावे आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर सुरू आहे ना, हे पाहावे. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून रोमिंग हवेच. त्याचा दुसरा फायदा असा, की स्थानिक वायफायवर न चालणारे व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. तरीही थोडे युआन रोख ठेवावेत.

जपान आणि कोरियाचे घड्याळ चीनच्या एक तास पुढे असते. उतरण्यापूर्वी जहाजावरची वेळ विचारून घ्यावी.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.

नानजिंग रस्त्यावर गोड बोलून चहा प्यायला नेणाऱ्या अनोळखी तरुणांबरोबर जाऊ नये. बिल अवाच्या सवा येते.

शाकाहारी मंडळींनी उपाशी फिरू नये. चिनी भाषेत शाकाहारी जेवणासाठी ‘सू’ हा शब्द आहे, आणि जेड बुद्ध मंदिराच्या शाकाहारी भोजनगृहात नूडल्स मिळतात. मी दुपारचे जेवण तिथेच उरकतो आणि मग थेट वूसोंगकोउची वाट धरतो.