जुने ठाणे पायी पाहताना

ठाण्याचा जुना भाग पाहण्यासाठी रविवारची सकाळ निवडावी आणि सातच्या सुमारास पश्चिमेच्या बाजूने स्थानकाबाहेर पडावे. जांभळी नाक्याची बाजारपेठ एकदा भरली की उभे राहून काही न्याहाळण्याइतकी जागा रस्त्यावर उरत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यातच थांबली होती, पण स्थानकात त्या काळातले पाहण्यासारखे फारसे नाही, म्हणून तेथे वेळ घालवू नये.

शिवाजी पथाने सरळ चालत गेल्यास कौपिनेश्वर मंदिर लागते. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याची राजधानी श्रीस्थानक म्हणजे हेच ठाणे असल्याने या देवस्थानाचा संबंध त्यांच्या काळाशी जोडला जातो; आजचे मंदिर मात्र वसईच्या मोहिमेनंतर, १७६० मध्ये, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारले. गाभाऱ्यातील शिवलिंग एवढे भव्य आहे की ते निवांतपणे पाहायलाच हवे, आणि त्यासाठी सोमवार व श्रावण महिना टाळलेला बरा.

मंदिरासमोरच मासुंदा तलाव, म्हणजे ठाणेकरांची तलावपाळी. तलावाला पूर्ण फेरी घालावी, कारण देऊळ, बाजार, नाट्यगृह आणि चर्च एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे पाण्याच्या कडेने चालल्यावरच ध्यानात येते. सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे चर्च पोर्तुगीज काळापासूनचे असले, तरी ठाण्यातील ख्रिस्ती इतिहास त्याहून जुना आहे. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे इटलीचे तीन फ्रान्सिस्कन साधू, तसेच तिफ्लिसचा दिमित्री, असे चौघे येथे मारले गेले. पुढे येथे आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिकने, म्हणजे याच पंथाच्या इटालियन प्रवाशाने, त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. पोर्तुगीजांच्या आधी जवळजवळ दोन शतके इटलीत ठाण्याचे नाव पोहोचले होते, ही गोष्ट खुद्द ठाणेकरांनाही फारशी ठाऊक नसते. चर्चमध्ये प्रार्थना सुरू असेल तर बाहेरच थांबावे.

तेथून टेंभी नाक्याकडे वळावे. बेने इस्राएल या कोकणातील ज्यू समाजाचे १८७९ मधील ‘शाआर हाशामाइम’ हे प्रार्थनास्थळ याच परिसरात आहे. आत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी, आणि शनिवार हा शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा व प्रार्थनेचा दिवस असल्याने त्या दिवशी केवळ पाहण्यासाठी जाऊ नये.

शेवटचा टप्पा मध्यवर्ती कारागृहाचा, म्हणजेच जुन्या ठाणे किल्ल्याचा. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर इंग्रजांनी येथे कैदेत ठेवलेले दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटले. सुटकेचा बेत त्यांना खिडकीखाली मराठी गाणी म्हणणाऱ्या एका मोतद्दाराने (घोड्यांची निगा राखणाऱ्याने) कळवला, असे सांगतात. १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना याच भिंतींच्या आत फाशी देण्यात आले. कारागृह वापरात असल्यामुळे तट बाहेरूनच पाहावा आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा. परतताना मामलेदार कचेरीजवळची मिसळ खायची असेल, तर तिखट सोसत नसल्यास तसे आधीच सांगावे.