कॅनडामार्गे अमेरिकेत आलो आणि आय-९४ वर बी-२ आलं: माझा अनुभव

टोरंटोला मावशीकडे ४ दिवस थांबून (कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधीच काढला होता) बसने लँड बॉर्डरवरून अमेरिकेत आलो. मी शिकायला आलो होतो, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का एफ-१ (विद्यार्थी), डी/एस (ठरावीक तारीख नाही, शिक्षण चालू असेपर्यंत) असा बरोबर, पण ऑनलाइन आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) आधी सापडेचना. नाव-आडनाव उलटं टाकलं, ब्राउझर बदलला, काही नाही. मग कळलं, आपल्या पासपोर्टात गिव्हन नेममध्ये वडिलांचं नावही असतं, ते सगळं फर्स्ट नेममध्ये टाकल्यावर सापडलं, आणि बघतो तर क्लास बी-२ (पर्यटक) आणि पुढे ६ महिन्यांनंतरची तारीख! रात्रभर झोप नाही.

कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) ते दुरुस्त करता येत नाही, हे तिथे जाऊन कळलं. मग प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसला फोन केला (काही ठिकाणी ईमेलवरही होतं), पासपोर्ट, व्हिसा, शिक्क्याचं पान, सही केलेला आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी व्हिसासाठीचा फॉर्म) आणि चुकीच्या आय-९४ ची प्रिंट घेऊन गेलो. दुरुस्ती झाल्यावर साइटवरून पुन्हा काढला, एफ-१, डी/एस दिसतंय बघितलं, मगच डीएसओला पाठवला. सेव्हिसमधलं (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद यंत्रणा) रजिस्ट्रेशन आपला कोर्स सुरू झाल्यापासून ३० दिवसांत डीएसओकडून व्हायला लागतं, म्हणून बॉर्डर ओलांडली की त्याच दिवशी आय-९४ उघडून बघा, मी आठवडाभर बघितलाच नव्हता.