शिक्षकांचा आवाज: वर्गात, घरी आणि मनावर ताण असताना काय करावे

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आवाजावर सगळं एकदम येतं. सुट्टीनंतर सलग तास, डोक्यावर पंखे, बाहेर पाऊस, आणि शाळा घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर मार्गालगत असेल तर दिवसभर वाहनांची घरघर. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. ठरवूनही तो फार वेळ रोखता येत नाही. म्हणून गोळ्या चघळण्याआधी वर्गातला गोंगाट कमी करा.

नवा भाग शिकवताना रस्त्याकडच्या खिडक्या लावा. खडखडणारा पंखा दुरुस्त करून घ्या. महत्त्वाचं फळ्याजवळून न सांगता रांगांच्या मध्ये जाऊन सांगा, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. वर्गात भिंतींमुळे घट कमी असते, तरी मागच्या बाकांसाठी आवाज चढवावा लागतोच. मुलांना गप्प करायला टाळीचा ठेका ठरवून ठेवा. बोलायचं ते वर्ग शांत झाल्यावर. खडूची धूळ घशात जाऊ नये म्हणून फळा ओल्या फडक्याने पुसा.

हेडसेट माइक वापरत असाल तर तो ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. तोंडासमोर धरला तर ‘प’, ‘फ’चे फटके ऐकू येतात. शिट्टी वाजली तर स्पीकर माइकपासून दूर न्या. माइक लावूनही पूर्वीच्याच जोराने बोलत राहिलं तर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

सकाळी पहिल्या तासाआधी स्ट्रॉचा व्यायाम करा. अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉचं टोक २-३ सेंटीमीटर बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि ‘ऊ’ म्हणत सारखे बुडबुडे काढा. आधी एकाच सुरात, मग खालून वर आणि वरून खाली. ३ ते ५ मिनिटं पुरतात. स्ट्रॉमुळे हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि स्वरतंतू, म्हणजे घशातल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्या, एकमेकांवर हलके आपटतात. नुसते बुडबुडे येऊन सूर उमटत नसेल तर तुम्ही फक्त फुंकताय. गळ्याला ताण जाणवला तर जोर जास्त होतोय.

मीठ-हळदीच्या गुळण्यांनी घशाला आराम मिळतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. प्रत्येक तासानंतर घोटभर पाणी प्या. खाकरण्याऐवजी आवंढा गिळा. आवाज बसला असताना कुजबुजूही नका. त्यातही अनेकांचा गळा आवळला जातो. परतताना ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये फोनवर बोलणंही टाळा, तिथे पुन्हा गोंगाटावर मात करावी लागते.

आता मनाचं. ताण वाढला की मान-खांदे आखडतात, श्वास उथळ होतो, स्वरयंत्र वर ओढलं जातं आणि बोलणं जड होतं. आवाज साथ देईना की वर्ग हातातून सुटेल अशी धास्ती वाटते, आणि तिने ताण आणखी वाढतो. दोन आठवडे रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहा: आवाज १० पैकी किती, सर्वांत गोंगाटाचा तास कोणता, मन कसं होतं. मुख्याध्यापकांकडे वेळापत्रक बदलून मागताना ही नोंद दाखवा. लागोपाठ तीन तासांऐवजी मध्ये एक ऑफ तास हवा, ही मागणी रास्त आहे.

काही वेळा मानसिक धक्क्यानंतर आवाज पूर्ण जातो, पण खोकला मात्र स्पष्ट वाजतो. हे सोंग नसतं. कुणी तसं म्हणालं तरी अपराधी वाटून घेऊ नका. घशाची तपासणी करून स्पीच थेरपी (तज्ज्ञाकडून आवाजाचे व्यायाम) घेतल्यावर आवाज बहुधा परत येतो.

घोगरेपणा ३ आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीत रक्त दिसलं, गिळताना त्रास झाला किंवा मानेत गाठ लागली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. ठाण्यातल्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही दाखवता येतं. श्वास घेताना घरघर किंवा दम लागत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी जा. ओरडताना आवाज अचानक गेला तर बोलणं लगेच बंद करा; स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अतिबोलण्याने स्वरतंतूंवर आलेल्या गाठी बहुतेकदा स्पीच थेरपीने कमी होतात, शस्त्रक्रियेची घाई नको. झोप उडाली असेल किंवा शाळेत जायच्या विचारानेच छाती धडधडत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतूनही.